भिंतीतले पाच व्होल्ट

(रेडिओवरील भाषणाचं संपादित रूप)

मेहरूण म्हटलं की जळगावकरांना दोन गोष्टी आठवतात. एक तलाव आणि दुसरी बोरं. कधीकाळी शहराबाहेर असलेलं हे गाव आता शहरात मिसळून गेलं आहे. धाब्याची घरं गेली, विटांची आली, त्यांच्या जागी स्लॅबची आली आणि आता अपार्टमेंटही उभी राहिली आहेत. अशा वस्तीतल्या घरांच्या भिंतींकडे नीट पाहिलं, तर त्यांवर एक इतिहास लिहिलेला दिसतो. तो राजे-रजवाड्यांचा नाही, विजेच्या बोर्डांचा आहे. कुठे लाकडी पट्टीवरून गेलेली जुनी वायर आणि काळं गोल बटन आहे, कुठे पांढऱ्या पियानो बटनांचा बोर्ड, तर कुठे गुळगुळीत मॉड्युलर प्लेट. आणि अगदी ताजं पान म्हणजे, तीन भोकांच्या शेजारी एक चपटी फट असलेलं सॉकेट. त्यात चार्जर लागत नाही. नुसती केबल खोचली की मोबाइल चार्ज होऊ लागतो. हेच यूएसबी सॉकेट.

सोय मोठी आहे. पण एक साधा प्रश्न विचारायला हवा. भिंतीत येणारी वीज २३० व्होल्टची, मोबाइलला लागते ती मुळात ५ व्होल्टची. हे २३० चे ५ कोण करतं, कुठे करतं, आणि ते नीट होतं आहे की नाही हे कुणी तपासलं आहे? या प्रश्नाचं उत्तर शोधताना थोडं मागे जावं लागतं. कारण भिंतीवर नवी वस्तू आली की आधी माल येतो आणि नियम मागाहून येतो, ही गोष्ट आपल्याकडे पहिल्यांदा घडत नाही.

वीज आपल्याकडे आली ती दिव्यासाठी. मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटमध्ये विजेचे दिवे १८८२ साली लागले, पण ती कंपनी पुढच्याच वर्षी बुडाली. मुंबईला नियमित वीज देणारी, ट्रामही चालवणारी कंपनी १९०५ ची. टाटांचं खोपोलीचं जलविद्युत केंद्र १९१५ चं. खेड्यापाड्यांत वीज पोहोचवण्याच्या कामाला मोठी गती आली ती १९६० च्या जूनमध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाल्यावर. खानदेशापुरतं बोलायचं तर भुसावळजवळच्या दीपनगरचं औष्णिक केंद्र १९६८ साली सुरू झालं. त्या काळात सामान्य घरात वीज म्हणजे एका खोलीत एक दिवा. ‘लाइट आली’, ‘लाइट गेली’ असं आपण अजूनही म्हणतो, त्यात तीच आठवण आहे. पंखा, फ्रिज, पंप सगळं बंद पडलं तरी आपल्या भाषेत जाते ती लाइटच.

दिव्यासाठी लागतो होल्डर. सॉकेट नंतर आलं. मग इस्त्री आली, रेडिओ आला, आणि लोकांनी तो त्याच होल्डरमधून चालवला. दिव्याच्या होल्डरला जोड द्यायची आणि खाली वायर सोडायची. होल्डरची ताकद दिव्यापुरती, इस्त्रीचा भार त्याच्या कितीतरी पट. होल्डर तापायचा, वायरचं आवरण कडक होऊन तडकायचं. दोष इस्त्रीचा नव्हता आणि होल्डरचाही नव्हता. एका कामासाठी बनवलेल्या वस्तूकडून दुसरं काम घेतलं जात होतं, इतकंच.

पुढे सॉकेट आलं ते दोन भोकांचं. वीज आत जायला एक तार, परत यायला एक. हिशेब पुरा. पण उपकरणाचं धातूचं अंग आतल्या तारेला चिकटलं तर हात लावणाऱ्याच्या शरीरातून वीज जमिनीत जाणार. त्यासाठी तिसरी पिन आली, अर्थिंगची. आपली गोल पिनांची पद्धत मुळात ब्रिटिश मानकाची, १९३४ सालची. तिच्यात एक सुंदर शहाणपण आहे. वरची पिन इतर दोघींपेक्षा जाड आणि लांब असते. जाड अशासाठी, की ती चुकून फेजच्या भोकात जाऊ नये. लांब अशासाठी, की प्लग खोचताना जमिनीशी नातं आधी जुळावं आणि मग वीज यावी. काढताना वीज आधी तुटावी आणि जमीन शेवटी सुटावी. अपघातांतून शिकलेला धडा पितळेच्या तुकड्यात कसा घडवता येतो, याचं हे नमुनेदार उदाहरण. ब्रिटनने स्वतः १९४७ मध्ये चौकोनी पिनांचं नवं मानक आणलं. आपण गोल पिनाच ठेवल्या आणि त्या भारतीय केल्या.

त्याच १९४७ साली, जानेवारीत, भारतीय मानक संस्था स्थापन झाली. १९५२ च्या कायद्याने तिला वस्तूंवर प्रमाणचिन्ह देण्याचा अधिकार मिळाला. तोच आपल्या ओळखीचा आयएसआय शिक्का. १९८७ मध्ये या संस्थेचं भारतीय मानक ब्युरो झालं, पण लोकांच्या तोंडी नाव राहिलं ते आयएसआयचंच. प्लग आणि सॉकेटसाठीचं मानक आहे आयएस १२९३. पिनांची जाडी किती, भोकांतलं अंतर किती, किती वेळा खोचून काढल्यावरही पकड टिकली पाहिजे, ठरलेला प्रवाह सोडल्यावर किती तापलं तर चालेल, तापलेली तार टेकवली तर प्लॅस्टिक पेट घेतं का, असं सगळं त्यात येतं.

पण मानक लिहिलेलं असणं वेगळं आणि ते पाळणं सक्तीचं असणं वेगळं. घरगुती स्विच, वायर, इस्त्री, पाणी तापवायचा रॉड अशा वस्तूंसाठी २००३ चा गुणवत्ता नियंत्रण आदेश निघाला. प्लग आणि सॉकेटसाठी स्वतंत्र आदेश आला तो २०१६ मध्ये. स्विच आणि सॉकेट एकत्र असलेल्या वस्तू आणि इतर जोडसामानासाठीचा आदेश २०२४ च्या जानेवारीत निघाला. भिंतीवर सॉकेट येऊन कित्येक दशकं झाल्यानंतरच्या या तारखा आहेत. ही दरी लक्षात ठेवायला हवी.

आता अर्थिंगबद्दल दोन शब्द, कारण आपल्या भागात तो विषय मातीशी जोडलेला आहे. तिसऱ्या पिनेची तार शेवटी जाते ती जमिनीत पुरलेल्या पाइपला किंवा पत्र्याला. तिथली माती ओलसर असेल तरच वीज सुखाने जमिनीत उतरते. म्हणून खड्ड्यात मीठ आणि कोळसा भरायचा आणि उन्हाळ्यात त्यात पाणी ओतायचं, ही जुन्या वायरमन मंडळींची शिकवण. तापीकाठच्या काळ्या जमिनीला मे महिन्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. माती सुकते, आक्रसते, पाइपापासून सुटते. पावसाळ्यात चांगलं काम देणारं अर्थिंग नेमकं उन्हाळ्यात, कूलर चालू असताना आणि त्याच्या टाकीतलं पाणी फरशीवर सांडलेलं असताना, दुबळं होतं. तिसरं भोक आहे, पण त्यामागे तारच नाही, अशीही घरं कमी नाहीत.

इतिहासातलं आणखी एक पान रेडिओचंच आहे. व्हॉल्व्हच्या जमान्यात ‘एसी-डीसी सेट’ नावाचे रेडिओ मिळायचे. तेव्हा देशातल्या काही शहरांत डीसी वीज होती, काहींत एसी. दोन्हीवर चालणारा सेट सोयीचा आणि स्वस्तही, कारण त्यात आतला ट्रान्सफॉर्मर वगळलेला असे. पण ट्रान्सफॉर्मर हा नुसता व्होल्ट कमी करणारा भाग नव्हे. त्याची दोन वेटोळी एकमेकांना शिवत नाहीत. वीज चुंबकत्वाच्या रूपाने अलीकडून पलीकडे जाते, तार मात्र जात नाही. म्हणजे भिंतीतली वीज आणि माणसाचा हात यांच्यामध्ये ती एक भिंतच असते. ती काढून टाकल्यामुळे या सेटचा आतला लोखंडी सांगाडा थेट विजेच्या तारेला जोडलेला असे. प्लग उलटा लागला की सांगाडा जिवंत. म्हणून पेटी लाकडाची किंवा बेकेलाइटची, बटनं बेकेलाइटची, आणि बटनांचे स्क्रू मेणाने बुजवलेले. मेण निघालं आणि बोट लागलं की झटका.

आजच्या मोबाइल चार्जरची सगळी सुरक्षितता याच एका मुद्द्यावर उभी आहे. मध्ये भिंत आहे का? चार्जरमध्ये २३० व्होल्टची वीज आधी सरळ केली जाते, मग सेकंदाला हजारो वेळा तोडून-जोडून एका बोटभर ट्रान्सफॉर्मरमधून पार नेली जाते, आणि पलीकडे ५ व्होल्ट मिळतात. अलीकडची आणि पलीकडची बाजू यांच्यात काही मिलिमीटरचं मोकळं अंतर राखावं लागतं, ट्रान्सफॉर्मरच्या तारांवर दुहेरी-तिहेरी आवरण लागतं, आणि दोन्ही बाजूंना जोडणारा जो छोटा कपॅसिटर असतो तो खास जातीचा, फुटला तरी वीज पार न सोडणारा लागतो. चाचणीत या भिंतीवर काही हजार व्होल्टचा दाब टाकून ती टिकते का हे पाहतात. स्वस्त मालात पहिली काटछाट होते ती इथेच. अंतर कमी होतं, आवरण एकेरी होतं, कपॅसिटर साधा येतो. मोबाइल तरीही चार्ज होतोच. गिऱ्हाइकाला फरक कळत नाही. तो कळतो भिंत कोसळते तेव्हा, आणि तेव्हा मोबाइल एखाद्या मुलाच्या हातात असू शकतो.

यूएसबीचं मूळ घरातल्या विजेत नाही, संगणकात आहे. १९९६ मध्ये ही जोडणी ठरली ती कीबोर्ड, माउस, प्रिंटर एकाच तऱ्हेच्या खाचेत लागावेत म्हणून. ती घडवणाऱ्यांमध्ये बडोद्यात शिकलेले अजय भट्ट हे अभियंते होते. तिच्यातून थोडी वीजही मिळते, हे लक्षात आल्यावर लोक मोबाइल तिच्यावर चार्ज करू लागले. २००७ मध्ये चार्जिंगसाठी रीतसर नियमावली निघाली. आपल्याकडे पहिला मोबाइल कॉल झाला १९९५ च्या जुलैमध्ये. त्यानंतरची पंधराएक वर्षं प्रत्येक कंपनीची पिन वेगळी होती. एकच खाच सर्वांना चालू लागली तेव्हा चार्जर भिंतीतच बसवून टाकावा, हे कुणालाही सुचलं असतं.

सुचलं ते योग्यच होतं. चांगलं बनवलेलं यूएसबी सॉकेट टेबलावर लोंबणाऱ्या दहा चार्जरांपेक्षा बरं. अडचण अशी, की दोन वेगळ्या घराण्यांच्या वस्तू एका डबीत आल्या. सॉकेट हे विद्युत सामानाच्या घराण्यातलं, म्हणजे पितळ, प्लॅस्टिक आणि स्क्रू. त्याचं मानक आयएस १२९३, त्याची खूण आयएसआय शिक्का. चार्जर इलेक्ट्रॉनिक्सच्या घराण्यातला. त्याच्यासाठी २०१२ च्या आदेशाने सक्तीच्या नोंदणीची वेगळी पद्धत सुरू झाली. तिची खूण म्हणजे ‘आर’ अक्षर आणि पुढे क्रमांक. दोघांची चाचणी वेगळी, कागद वेगळे. लग्न झालं, पण जबाबदारी कुणाच्या घरची, हा प्रश्न राहिला. जगभरात हीच अडचण होती. आंतरराष्ट्रीय विद्युत तंत्र आयोगाने यूएसबी असलेल्या सॉकेटसाठी मानकाचा खास वेगळा भाग काढला तो २०२१ मध्ये. तोवर अशी सॉकेटं बाजारात येऊन कित्येक वर्षं झाली होती.

भिंतीत गेल्याने चार्जरचं काय बदलतं? पहिली गोष्ट उष्णता. हातातला चार्जर तापला तर कळतो आणि आपण तो काढतो. भिंतीतल्या डबीत हवा खेळत नाही, मागे विटा, समोर प्लेट. शेजारच्या भोकांत इस्त्री लागली तर तिची उष्णता वेगळीच. अशा सामानाच्या आंतरराष्ट्रीय मानकांत भोवतालचं तापमान साधारण ४० अंशांपर्यंत धरलेलं असतं. जळगाव-भुसावळचा पारा मे महिन्यात ४४-४५ अंशांवर जातो, आणि पश्चिमेकडची भिंत रात्री उशिरापर्यंत तापलेली असते. कपॅसिटरचं आयुष्य उष्णतेने झपाट्याने घटतं. त्यामुळे आपल्याकडे सॉकेट ‘चालतं’ एवढ्यावर भागत नाही. ते तापलेल्या भिंतीत वर्षानुवर्षं चालायला हवं.

दुसरी गोष्ट विश्रांतीची. चार्जर काम झालं की काढून ठेवता येतो. यूएसबी सॉकेटचा आतला भाग अनेकदा बटनाच्या ताब्यात नसतो. मोबाइल लावलेला असो वा नसो, त्याला रात्रंदिवस वीज मिळत राहते. लाइट जाऊन परत येताना येणारा झटका, न्यूट्रल सुटल्यावर चढणारा दाब, पावसाळ्यातली वीज, हे सगळं तो एकटा सोसतो.

तिसरी गोष्ट सर्वांत कमी माहीत असलेली. पुष्कळांना वाटतं, एमसीबी आहे ना, काही झालं तर पडेल. पण १० वॉटचा यूएसबी भाग २३० व्होल्टवर जेमतेम पाच शतांश अँपिअर घेतो. एमसीबी असतो ६, १० किंवा १६ अँपिअरचा. आतला भाग दुपटी-तिपटीने वीज खाऊन जळत असला तरी एमसीबीला त्याचा पत्ता लागत नाही. अर्थात सरळ शॉर्ट झाला तर तो पडेल, पण हळूहळू तापणं त्याला दिसत नाही. माणसाच्या अंगातून जमिनीत जाणारी वीज ओळखणारं उपकरण वेगळं असतं, आरसीसीबी. घरगुती वापराचं ३० मिलिअँपिअरला तुटतं. ते जीव वाचवतं, पण तापणाऱ्या डबीविषयी तेही गप्पच. म्हणून ती वस्तू मुळात नीट बनलेली असणं, आतलं प्लॅस्टिक पेट न घेणारं असणं, याला पर्याय नाही.

चार्जिंगच्या जागेकडे सार्वजनिक सुरक्षेचा प्रश्न म्हणून पाहण्याचं एक उदाहरण आपल्या ओळखीचं आहे. २८ डिसेंबर २०१३ च्या पहाटे बंगळूरहून नांदेडला येणाऱ्या एक्स्प्रेसच्या वातानुकूलित डब्याला आंध्र प्रदेशात आग लागली आणि २६ प्रवासी दगावले. त्यानंतर २०१४ मध्ये रेल्वे सुरक्षा आयुक्तांनी शिफारस केली, की रात्री ११ ते पहाटे ५ या वेळात डब्यांतल्या चार्जिंग पॉइंटची वीज बंद ठेवावी. २०२१ च्या मार्चमध्ये पश्चिम रेल्वेने ही गोष्ट पुन्हा कसोशीने अमलात आणली, तेव्हा अनेक प्रवासी कुरकुरले. पण त्यामागचा विचार सरळ आहे. सगळे झोपलेले असताना, कुणाचं लक्ष नसताना, तापत राहणारी वस्तू चालू ठेवू नये. घरात हा नियम लावायला आयुक्त येत नाहीत.

घरात येतो तो वायरमन. नवं वीज कनेक्शन घेताना परवानाधारक कंत्राटदाराचा टेस्ट रिपोर्ट द्यावा लागतो. ती तपासणी त्या दिवसापुरती असते. त्यानंतर दहा वर्षांनी बोर्ड बदलला, कुणीतरी ऑनलाइन स्वस्तात मिळालेलं यूएसबी सॉकेट आणून बसवलं, तर ते पाहायला कुणी येत नाही. तपासनीस तिथे गिऱ्हाईकच. म्हणून गिऱ्हाइकाने काय पाहायचं ते थोडक्यात सांगतो.

सॉकेटवर आयएसआय शिक्का, त्यावर मानकाचा क्रमांक आणि खाली परवाना क्रमांक आहे का ते पाहा. तो क्रमांक मानक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपवर टाकून खरा-खोटा करता येतो, ‘आर’ क्रमांकही तपासता येतो. शिक्का तीन भोकांविषयी बोलतो म्हणजे शेजारच्या यूएसबीविषयीही बोलतोच, असं धरून चालू नका. यूएसबीच्या भागाची चाचणी कोणत्या मानकाने झाली, हे दुकानदाराला विचारा आणि वेष्टनावर शोधा. पक्कं बिल घ्या. अर्थिंग खरंच आहे का, ते वायरमनकडून मोजून घ्या, आणि आरसीसीबी नसेल तर तो बसवा. यूएसबीचा भाग बटनावर बंद होईल असं सॉकेट मिळालं तर तेच निवडा. आणि वायरिंगची मेगरने तपासणी होणार असेल तर अशी सॉकेटं आधी सुटी करायला सांगा, नाहीतर ५०० व्होल्टच्या त्या चाचणीत आकडा चुकीचा येतो आणि आतला भागही बिघडू शकतो.

मोबाइल चार्जिंगला लावल्यावर त्याच्या धातूच्या कडेला हलकी झिणझिण कधीकधी चांगल्या चार्जरवरही जाणवते. पण झटका बसला, प्लेट हाताला चटका देऊ लागली, पिवळी पडली, जळका वास आला किंवा आतून बारीक आवाज आला, तर मेन बंद करा आणि ते सॉकेट काढून टाका. ते दुरुस्तीला देऊ नका.

इस्त्रीसाठी होल्डर, अर्थिंगशिवायचा दोन पिनांचा प्लग, जिवंत सांगाड्याचा रेडिओ आणि आता यूएसबी सॉकेट. प्रत्येक वेळी सोय आधी घरात शिरली आणि नियम मागून धावत आला. मधल्या काळाची किंमत चुकवली ती साध्या घरांनी, आणि त्यांची नावं कुठल्याच मानकाच्या पुस्तकात नाहीत. पण त्या पुस्तकांतली कलमं त्यांच्याच अनुभवातून लिहिली गेली आहेत. वरची जाड, लांब पिन हे असंच एक कलम आहे. नव्या सॉकेटचं कलम नुकतंच लिहिलं गेलं आहे. ते दुकानाच्या फळीपर्यंत आणि तिथून आपल्या भिंतीपर्यंत पोहोचेल की नाही, हे बरंचसं आपण काउंटरवर काय विचारतो यावर ठरणार आहे.